गादीवरचं नाव

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दोन महिन्यांपूर्वी सुरतेतल्या भेस्तानला माझ्या घरी आले आणि विषय देऊन गेले. सुरतच्या कापड बाजारात मराठी माणसाने नाव कसं काढलं, ते लिहा म्हणाले. मी त्यांना चहा पाजला, चकली दिली आणि हो म्हटलं. हो म्हणणं हा माझा धंदाच होता. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा सेल्समन दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाही. आता लिहायला बसलोय, तर अडचण अशी आहे की मी बाजारात नाव काढलं खरं, पण ते माझं नव्हतं. संपादकांनी हे छापलं तर ठीक, नाही छापलं तरी माझी तक्रार नाही.

माझं नाव धुडकू. माझ्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने हे टाकाऊ नाव ठेवलं. असं नाव ठेवलं की पोराला नजर लागत नाही, अशी आमच्या खानदेशात समजूत. नजर लागली नाही, पण मला त्या नावाची लाज मात्र वाटायला लागली. वडील सुरतेतल्या लिंबायतमध्ये लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, नळावरची भांडणंसुद्धा अहिराणीत. मीही चार वर्षं लूम चालवला. मग कुणाच्या तरी ओळखीने रिंग रोडच्या मार्केटमध्ये एका साडीच्या पेढीवर थप्प्या उचलायला लागलो. पोरगा बोलतो बरा, हे वर्षभरात शेठच्या लक्षात आलं. त्यांनी मला थप्प्यांवरून उचलून गादीवर बसवलं आणि त्याच दिवशी नाव बदललं.

"धुडकू? आ नाम गादी पर नइ चाले," शेठ म्हणाले. "वेपारी समजशे के लूमनो माणस बेसाड्यो छे. आजथी तुं मुकेश. कोई पूछे तो कहेवानुं, अमरेली बाजूनो."

गादीवर लूमचा माणूस बसवलाय असं व्यापाऱ्याला वाटलं, तर तो मालाची किंमतही लूमच्या माणसाइतकीच करणार, हे शेठचं गणित. पण शेठला दोष देऊन मी सुटणार नाही. मला कुणी मारूनमुटकून मुकेश केलं नव्हतं. घरी येताना रिक्षात मी ते नाव दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. मला ते आवडलं होतं.

बाहेरच्या माणसाला गादी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमची दुकानं घाऊक मालाची. तिथे काउंटर नसतो. जमिनीवर जाड गादी, तिच्यावर पांढरी शुभ्र चादर. चपला बाहेर काढायच्या आणि व्यापारी, सेल्समन, शेठ, सगळ्यांनी एकाच गादीवर मांडी घालून बसायचं. देशभरातले दुकानदार आपापल्या गावी विकायला माल भरायला येतात. सेल्समनने घडी हातात घ्यायची आणि एका झटक्यात अशी फेकायची की पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी जाऊन थांबला पाहिजे. अंगावर पडला तर गिऱ्हाईक चिडतं, लांब पडला तर हात लावत नाही. हे जमायला मला सहा महिने लागले. पुढचं काम त्याहून अवघड, ते म्हणजे साडी नेसून दाखवणं. हो, आम्हीच नेसायचो. पँटवरच निऱ्या खोचायच्या, पोट आत घ्यायचं आणि आरशासमोर उभं राहायचं. गुजराती व्यापाऱ्यासाठी पदर उजव्या खांद्यावरून पुढे, दक्षिणेकडच्यासाठी डाव्या खांद्यावरून मागे. बाजारात माझ्या निऱ्यांचं नाव होतं. घरी बायकोला मात्र हे सांगायची सोय नव्हती. सणाला ती घाईत असली की म्हणायची, "मुकेशभाई, जरा निऱ्या धरा."

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. बिहारकडचे एक म्हातारे व्यापारी साडीचा धागा ओढून आधी जाळायचे, मग नाकाशी धरायचे आणि डोळे मिटून बसायचे. आम्ही सगळे श्वास रोखून. आंध्राकडचे एकजण रंग निवडायला स्वतःच्या बायकोचा फोटो घेऊन यायचे आणि प्रत्येक साडी त्या फोटोशेजारी धरायचे. रंग पक्का आहे का बघायची मात्र सगळ्यांची रीत एकच. रुमाल ओला करायचा आणि काठावर घासायचा. रुमालाला रंग लागला की माल कच्चा. मी हिंदीत, गुजरातीत, मारवाडीत साड्या विकल्या, तेलुगूत आणि बंगालीत कामापुरतं बोलायला शिकलो. अहिराणीत एकही विकली नाही.

अहिराणीचा उपयोग मी वेगळाच केला.

खानदेशातले दुकानदार आमच्याकडे बरेच यायचे. धुळ्या-जळगावकडून सुरतेला यायला एक रात्र पुरते. ते माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायचे आणि आपसात अहिराणीत. समोरचा मुकेशभाई सौराष्ट्रातल्या अमरेलीचा आहे, त्याला काय कळणार, अशा खात्रीने मोकळेपणाने बोलायचे. कोणता माल हवाच आहे, कशावर मन बसलंय, कुठे उगाच नाक मुरडायचं ठरलंय, सगळं माझ्यासमोर. मी साडीच्या घड्या घालत ऐकायचो. शेठला हे कळलं, तेव्हापासून खानदेशचं गिऱ्हाईक आलं की मलाच समोर बसवायचे. आमची एक खूणही ठरली. गिऱ्हाईक उठून जाण्याच्या बेतात असेल, तर मी पोऱ्याला साधा चहा सांगायचा. गिऱ्हाईक अडलेलं आहे, जे देऊ ते घेणार आहे, असं असेल तर आल्याचा. मी "आदूवाळी चा!" अशी हाक मारली की शेठ गल्ल्यावरून उठून स्वतः गादीवर येऊन बसत.

पहिल्यांदा मला गंमत वाटली, मग सवय झाली. आईने मला जी भाषा बोलायला शिकवली, तिच्यात मी फक्त चोरून ऐकायचं काम करत होतो. हे वाक्य मला आज सुचतंय. तेव्हा मी दर दिवाळीला शेठकडून शाबासकी घेत होतो.

लीलाबाई आमच्याकडे वर्षातून दोनदा यायच्या. तापीच्या पलीकडे तालुक्याच्या गावी त्यांचं छोटं दुकान. नवरा गेल्यावर त्यांनीच सांभाळलेलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळावर गोंदण. सोबत कायम त्यांची नणंद इंदूबाई. बाजारात बायका माल घ्यायला क्वचित यायच्या, त्यामुळे शेठही त्यांना मानाने वागवत. लीलाबाई येताना माझ्यासाठी डबा आणायच्या. कधी कुरडया, कधी बिबड्या. बिबडी म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा जाडसर पापड. माझी आई त्या गच्चीवर खाटेवर वाळत घालायची.

"मुकेशभाई, ये हमारे उधर का है. खाके देखो," त्या म्हणायच्या.

"ये क्या है, बा? पापड़ है?" मी गुजराती रीतीने त्यांना बा, म्हणजे आई म्हणत विचारायचो आणि अनोळखी चव लागल्यासारखं तोंड करायचो. त्या मला बिबडी कशी करतात ते हिंदीत समजावून सांगायच्या. मी मान डोलावत ऐकायचो. हे नाटक मी सात वर्षं केलं, आणि दर वेळी डबा रिकामा करून परत दिला.

त्यातल्या सातव्या वर्षी सुरतजवळच्या पलसाण्याच्या एका मिलमधून आमचा एक लॉट छापून आला. मोतिया अंग आणि लालभडक काठ. दिसायला असा देखणा की बघत राहावं. पण घाईत धुलाई नीट झाली नव्हती. मी एक साडी घरी नेली होती. बायकोने भिजवली आणि बादलीत कुंकू कालवल्यासारखं पाणी झालं. मोतिया अंगावर सगळीकडे लाल ओघळ. ती साडी पिळत म्हणाली, "हाई कोन्हले इकू नका." हे कुणाला विकू नका. मी दुसऱ्या दिवशी शेठला सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं आणि तो लॉट मागच्या फळीवर ठेवायला सांगितला. फेकला नाही आणि मिलला परतही पाठवला नाही.

लगनसराईच्या आधी लीलाबाई आल्या. एका बड्या घरच्या लग्नात आहेराला द्यायच्या सगळ्या साड्या त्यांच्या दुकानातून जाणार होत्या. मागच्या फळीवरचा लाल काठ त्यांना दिसला आणि त्यांनी तो लॉट काढायला सांगितला. मी काढला. इंदूबाईंनी रुमाल ओला केला. तेवढ्यात लीलाबाई त्यांच्याकडे वळून अहिराणीत बोलल्या. ते शब्द मला आजही तसेच ऐकू येतात.

"समोर नवं दुकान उघडनं. हाई लगनसराईमा मन्हं दुकान टिकनं ते टिकनं, नहीते कुलूप लावनं पडी." मग इंदूबाईंच्या हातातला रुमाल बाजूला करत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. हाऊ पोऱ्या खोटं बोलाव नही."

हा पोरगा खोटं बोलणार नाही. हे माझ्याबद्दल.

मग त्यांनी मला हिंदीत विचारलं, "मुकेशभाई, रंग तो नहीं जाएगा?"

मी गल्ल्याकडे बघितलं. शेठ माझ्याकडेच बघत होते. नाही म्हणायला मला काही लागणार नव्हतं. "बा, ये मत लो," इतकंच. शेठ दोन दिवस घुम्यासारखे वागले असते, कदाचित त्या महिन्यात मला टोमणे मारले असते. नोकरी गेली नसती. पण गादीवर सगळ्यांना ठाऊक असलेला मुकेश असा नव्हता. तो हुशार होता, पेढीचा होता, पडलेला माल उठवणारा होता. त्याला मी खाली पाडू शकलो नाही.

"कुछ नहीं होगा, बा. गारंटी," मी म्हणालो. आणि पोऱ्याला हाक मारली, "आदूवाळी चा लावजे!"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यांनी तो चहा पिऊन माझंच कौतुक केलं.

लग्न झालं, साड्या वाटल्या गेल्या, पहिल्या धुण्यात रंग उतरला. लीलाबाईंचे मला तीन दिवसांत तीन फोन आले. स्क्रीनवर नाव दिसत होतं. मी तिन्ही वेळा फोन गादीखाली सरकवला. चौथ्या दिवशी त्या स्वतः आल्या. एकट्याच. हातात एक पिशवी. दुपारची वेळ, गादीवर राजस्थानचे दोन मोठे व्यापारी बसलेले आणि मी त्यांना साडी नेसून दाखवत होतो. खांद्यावर गुलाबी पदर, आणि समोर लीलाबाई. त्यांनी चप्पल काढली, पण त्या गादीवर बसल्या नाहीत. पिशवीतून एक साडी काढून चादरीवर ठेवली. लाल ओघळांनी भरलेली.

शेठ पुढे होऊन म्हणाले, "बेन, बेसो ने, पाणी पीओ." त्यांनी शेठकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून अहिराणीत बोलायला लागल्या.

"धुडकू," त्या म्हणाल्या.

गादीवर बसल्यापासून बाजारात त्या नावाने मला कुणीही हाक मारली नव्हती.

"लिंबायतमा तुन्हा बापना शेजारले मन्ही नणंदनी पोर देयेल शे. मले पहिला दिनपाइन माहीत व्हतं तू कोन शे ते. पोटकरता नाव बदलं व्हई म्हनीसन मी तुले कधी इचारं नही."

इंदूबाईंची मुलगी लिंबायतला आमच्या शेजारच्या घरात दिलेली. म्हणजे सात वर्षं त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि पोटासाठी नाव बदललं असेल म्हणून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बिबडीचं माझं नाटकही त्यांनी सात वर्षं पाहिलं होतं, आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून दर वेळी हिंदीत समजावूनही सांगितलं होतं.

"मी तुन्हासमोर बोलू ते तू ऐकाले पाहिजे म्हनीसन," त्या म्हणाल्या. "आपला मानूस शे. आपले बुडू देवाव नही, आशे मले वाटे."

मी ज्याला चोरून ऐकणं समजत होतो, ते त्या मुद्दाम माझ्या कानावर घालत होत्या. आपला माणूस आहे, आपल्याला बुडू देणार नाही, या भरवशावर. आणि मी त्यावर चहा मागवत होतो.

त्यांचा आवाज चढला नव्हता. "भांडाले नही उनू मी. मले इतलंच सांग. रंग जाई हाई तुले माहीत व्हतं का नही?"

राजस्थानच्या एका व्यापाऱ्याने मला विचारलं, "मुकेशभाई, ये क्या बोल रही है?"

उत्तर एका शब्दाचं होतं. व्हतं. माहीत होतं. लीलाबाईंना पैसे नको होते, माल परत द्यायचा नव्हता, त्यांना माझ्या तोंडून एवढंच हवं होतं. मी खांद्यावरचा गुलाबी पदर सारखा केला.

"पता नहीं, सेठ," मी व्यापाऱ्याला म्हणालो. मग लीलाबाईंकडे वळलो आणि हात जोडून, गोड आवाजात म्हणालो, "बा, आपकी भाषा मेरे को नहीं आती. हिंदी में बोलो ना."

त्यांनी चप्पल घातली आणि त्या निघून गेल्या. साडी गादीवरच राहिली. शेठनी ती पायाने गादीखाली सारली आणि मला म्हणाले, "सारुं कर्युं." चांगलं केलंस. राजस्थानच्या व्यापाऱ्यांनी त्या दिवशी भरपूर माल घेतला.

त्यानंतर मी बरीच वर्षं त्याच गादीवर बसलो. नोकरी सोडली वगैरे काही नाही. असं काही केलं असतं तर हा लेख लिहायला मला मजा आली असती. खानदेशचं गिऱ्हाईक आलं की मी काहीतरी निमित्त काढून मागे गोडाऊनमध्ये जायचो, इतकाच काय तो फरक. बायकोला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. ती ताटावरून उठली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिने निऱ्या धरायला मला पुन्हा कधी मुकेशभाई म्हणून बोलावलं नाही. आमची मुलं घरात गुजराती बोलतात. लहानपणी त्यांना मीच तशी सवय लावली, पुढे नडायला नको म्हणून.

मागच्या वर्षी गादी सोडली. निरोपाला शेठच्या मुलाने शाल दिली, भाषण केलं, मुकेशकाका आमच्या पेढीची शान आहेत म्हणाला. मी शाल घेऊन घरी आलो आणि महिनाभराने लीलाबाईंच्या गावी गेलो. बायको म्हणाली, मी येत नाही, तुमचं तुम्ही निस्तरा.

दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. तिथल्या माणसाने घर दाखवलं. लीलाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पण ओळखू आल्या. त्यांनीही मला ओळखलं, हे मला त्यांच्या हातांवरून कळलं. हात थांबले.

मी वाटेत सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. बसमध्ये ओठ हलवत आलो होतो. पण इतकी वर्षं वापरली नाही की जीभ आखडते. शब्द गुजरातीच पुढे येत होते. तरी मी म्हणालो, "बाई, मी धुडकू. मन्हं चुकनं. मले माहीत व्हतं. तवय बी माहीत व्हतं."

लीलाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि हिंदीत म्हणाल्या, "बैठो, मुकेशभाई. धूप में आए हो."

"बाई, तुम्हले सांगाले उनू मी..."

"अच्छा किया. घर में सब ठीक है ना?" पुन्हा हिंदीत. आवाजात राग नाही, टोमणा नाही. बाजारात अनोळखी दुकानदाराशी बोलावं तसं, नीट, मानाने. मी अहिराणीत बोलत राहिलो, माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत, आणि त्या प्रत्येक वाक्याला हिंदीतून उत्तर देत राहिल्या. बच्चे क्या करते हैं. सुरत में गर्मी बहुत है क्या. दुकानाबद्दल एक अक्षर नाही. साडीबद्दल नाही. मी माफी मागितली, ती त्यांनी जणू ऐकलीच नाही.

सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला बघून तिने सासूला विचारलं, "कोन शे हाऊ?"

लीलाबाई माझ्यासमोरच, मला काही कळणार नाही अशा मोकळ्या आवाजात तिला म्हणाल्या, "सुरतना शे. गुजराती मानूस शे."

सुनेने मला हसून हिंदीत पाणी घ्यायला सांगितलं. मी घेतलं.